घरगाडीसाठी बॅटरी पाहिजे

यशोदाबाई झोटिंग यांनी हिंगणघाटच्या शाळेत उभी हयात भूगोल शिकवला. नव्या वर्गातली पोरं त्यांच्या आडनावाला पहिल्या दिवशी हसत. दुसऱ्या दिवशी बाई एकेकाला नकाशापुढं उभं करून नद्यांचे उगम विचारत, आणि मग वर्षभर कुणाला हसू येत नसे. त्यांचे यजमान केशवराव एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीआडच्या माइकवरून ते दिवसभर गाड्या पुकारत: चंद्रपूर, यवतमाळ, वरोरा, आदिलाबाद. थोडक्यात, या नवराबायकोनं मिळून अख्ख्या तालुक्याला गावोगाव धाडलं होतं. बाईंनी बोटानं आणि केशवरावांनी आवाजानं. स्वतः मात्र दोघं नागपूरच्या पुढं फारसे कधी गेलेच नव्हते. बाईंच्या शाळेला सुट्ट्या लागल्या की एसटीची लग्नसराई सुरू व्हायची आणि केशवरावांची रजा नामंजूर व्हायची.

दोन हजार एक साली दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले. मुलगी गुंजन तोवर नागपूरला सासरी नांदत होती. घरात दोन माणसं, आणि भिंतीवर भारताचा नकाशा. अशात एके दिवशी केशवराव एक मेटॅडोर घेऊन दारात उभे राहिले. गाडी एका बेकरीची होती. बेकरी बंद पडली आणि मालकानं ती विकायला काढली होती.

"हे काय आणलं?" बाईंनी विचारलं.

"घर," केशवराव म्हणाले. "चाकं असलेलं. आता कोणाची रजा नाई मागाची."

बाई गाडीत चढल्या. आत टोस्ट आणि खारीचा वास इतका मुरलेला होता की त्यांना भूकच लागली. त्या वासाची पुढं चांगलीच गंमत झाली. उन्हानं पत्रा तापला की वास उसळायचा आणि गाडी उभी राहील त्या गावातली कुत्री मागच्या दाराशी रांगेनं बसायची. बाईंना गाडी आवडली. त्यांनी सुताराकडून आत झोपायचे दोन बाक करून घेतले. एका कोपऱ्यात शेगडीचा ओटा झाला, छताला ट्रकच्या केबिनमध्ये असतो तसला छोटा पंखा लागला, आणि दोन दिवे. केशवरावांनी बारा व्होल्टवर चालणारा एक बारका ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही कुठूनसा पैदा केला. हे सगळं इंजिनच्याच बॅटरीला जोडलेलं होतं. त्यात काही चूक आहे असं कुणालाच वाटलं नाही. बॅटरीत करंट असतो, आणि तो वापरायचाच असतो, एवढंच तेव्हा दोघांचं शास्त्र होतं.

शास्त्र फसलं ते समुद्रपुरात, केशवरावांच्या मामेबहिणीच्या नातवाच्या लग्नात. मुलाकडची मंडळी गावात पोचली होती आणि मांडव गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. नवरदेवासाठी ठरवलेली जीप ऐन वेळी आलीच नाही. केशवराव छाती काढून म्हणाले, "माह्या गाडीत बसवा. असा नवरदेव समुद्रपुरानं पाह्यला नसंन." मेटॅडोरला झेंडूच्या माळा लागल्या. पण त्या दुपारी क्रिकेटची मॅच होती. अर्धं वऱ्हाड गाडीत घुसून टीव्ही पाहत होतं, पंखा फिरत होता, आणि दिवसाढवळ्या दोन्ही दिवे कुणीतरी लावून ठेवले होते. वरात निघायची वेळ झाली. नवरदेव पुढच्या सीटवर बसला, बँडवाल्यांनी ठेका धरला आणि केशवरावांनी किल्ली फिरवली.

गाडी 'टक' म्हणाली. पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा 'टक'.

"धक्का मारा जी!" कुणीतरी ओरडलं. वऱ्हाडानं धक्का मारला, करवल्यांनी मारला. ढोलवाल्यानं तर ढोल पाठीवर टाकला आणि खांदा लावला. इंजिन काही धरेना. बँडमास्तर मोठा व्यवहारी माणूस होता. त्यानं उरलेल्या वाजंत्र्यांना चाल बदलायला सांगितली आणि ठेक्याच्या प्रत्येक ठोक्याला एक धक्का, अशी ती वरात मांडवापर्यंत गेली. नवरदेव आत बसून घाम पुसत होता, कारण पंखाही बंद पडला होता. नवरीच्या आजीनं मांडवाच्या दारात बाईंना विचारलं, "तुमच्याकडं अशीच रीत हाये का बाप्पा, गाडी ढकलत आणाची?"

बाईंनी त्या दिवशी जिलबीला हात लावला नाही. घरी परतल्यावर दारात उतरताना म्हणाल्या, "इंजिनची बॅटरी इंजिनले. घराची बॅटरी घराले. आजपासून दोघींची चूल वेगळी."

"अवं, पण घराले कोणती बॅटरी घ्याची?" केशवराव म्हणाले.

हा प्रश्न त्यांनी चारचौघात विचारायला नको होता. बातमी आळीभर झाली आणि जो तो सल्ला द्यायला आला.

पहिले आले ओमप्रकाश जयस्वाल. हायवेवर त्यांचं ट्रकच्या सामानाचं दुकान होतं, आणि केशवरावांशी त्यांची स्टँडवरच्या चहापासूनची दोस्ती. "भाभीजी, ट्रक की बॅटरी लो. हैद्राबादचे ट्रकवाले माह्याकडूनच नेतात. थंडीच्या दिवसांत असा झटका देते की हत्ती उभा होईन."

"मले हत्ती उभा कराचा नाई, ओमप्रकाशजी," बाई म्हणाल्या. "पंखा फिरवाचा हाये."

शेजारचे अण्णाजी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, एक्स्चेंजमधल्या जुन्या बॅटऱ्या लिलावात निघतात, त्या जन्मभर मरत नाहीत. बाई मोठ्या उमेदीनं पाहायला गेल्या. तिथं कमरेएवढे सेल ओळीनं उभे होते. एकेका सेलातून दोनच व्होल्ट मिळतात, म्हणजे असे सहा लागतील, हे अण्णाजींनी तिथं गेल्यावर सांगितलं.

"मंग आमी दोघं कुठं बसाचं?" बाईंनी विचारलं.

"हे आपण नंतर पाहू ना," अण्णाजी म्हणाले.

तिसरा आला धीरज, बाईंच्या नणंदेचा मुलगा. त्यानं वर्ध्याला इन्व्हर्टरचं दुकान टाकलं होतं. लोडशेडिंगचे दिवस होते; तासन्‌तास लाईट जायची आणि धीरजचा धंदा अंधारातच उजळला होता. "मामी," तो म्हणाला, "ट्रकची बॅटरी म्हंजे पळणाऱ्या पोरासारखी. एका दमात शंभर पावलं पळते, मंग गाडी चालू झाली का बसून आराम करते. तुमाले पाहिजे दिवसभर डोक्यावर भारा घेऊन चालणारी. ट्युब्युलर घ्या. इन्व्हर्टरले लावतो ना आमी, ते. आतल्या पट्ट्या जाड असतात. रोज रिकामी करा, रोज भरा, तिले काई वाटत नाई."

"हा आपला माल खपवून राह्यला," केशवराव म्हणाले.

"ओमप्रकाशजी काय माल वाटून राह्यले काय मामा?"

घरात दोन तट पडले. केशवराव ट्रकच्या बॅटरीचे, कारण दोस्ताचा शब्द आणि शिवाय ती बुटकी, बाकाखाली नीट बसणारी. धीरजची बॅटरी चांगली उंच होती आणि पाण्याच्या घागरीसारखी जड. बाई कुणाच्याच बाजूनं नव्हत्या. बोलण्यावर मार्क द्यायची त्यांना सवयच नव्हती. त्या म्हणाल्या, "परीक्षा घेऊ."

ओमप्रकाशजींनी आव्हान घेतलं आणि नवी बॅटरी पाठवून दिली. धीरजनं तेवढ्याच ताकदीची आपली पाठवली. बाईंनी दोन्ही बॅटऱ्या ओसरीवर मांडल्या. प्रत्येकीला गाडीच्या हेडलाइटचे दोन बल्ब आणि एक पंखा. सकाळी दूधवाला येऊन गेला की दोन्ही एकदम सुरू करायच्या. बल्ब पिवळा पडला की ती बॅटरी नापास, लगेच बंद करून चार्जिंगला लावायची.

पहिल्या दिवशी ओसरीसमोर शंकरपटाला जमतात तशी माणसं जमली. बैलांच्या ऐवजी दोन काळ्या पेट्या आणि धूळ उडायच्या ऐवजी पंख्याचा वारा, पण उत्साह तोच. पेपर वाचणारे पेपर घेऊन आले, निवडायचं धान्य घेऊन बाया आल्या. बॅटरी पाहण्यात खरं म्हणजे पाहण्यासारखं काहीच नसतं. ती काही करतच नाही. तरी लोक दुपारची झोप मोडून बसले. समोरच्या शकुबाईंनी तर ट्रकच्या बॅटरीवर पैज लावली, का तर ती दिसायला सोज्वळ होती.

संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास धीरजच्या बॅटरीचे बल्ब पिवळे झाले. ट्रकच्या बॅटरीचे अजून पांढरेशुभ्र जळत होते. एकच गलका उठला. ओमप्रकाशजी पेढे घेऊन आले आणि केशवरावांनी विजयी बॅटरीला हळदीकुंकू लावलं. धीरज म्हणाला, "मामी, नवीन ट्युब्युलर दोनचार दिवसांनी अंगात येते. थांबा जरा." पण त्याचं कोण ऐकतं? लोक पेढे खाऊन घरी गेले.

"झाली परीक्षा," केशवराव म्हणाले. "आता बसवू गाडीत."

"हे घटक चाचणी झाली," बाई म्हणाल्या. "वार्षिक बाकी हाये."

दुसऱ्या दिवशी दूधवाला येऊन गेल्यावर बाईंनी पुन्हा बटणं दाबली. तिसऱ्या दिवशीही. जेव्हा जेव्हा लाईट असेल तेव्हा बॅटऱ्या भरायच्या, भरल्या की पुन्हा रिकाम्या करायच्या. बघायला आता कुणी येत नव्हतं. आठवडाभरात दोघी बरोबरीला आल्या. पुढल्या आठवड्यात ट्रकची बॅटरी दिवेलागणीऐवजी शाळा सुटायच्या वेळेला पिवळी पडू लागली. मग चार वाजताच्या चहाला. धीरजची मात्र ठरल्यासारखी सांजवातीपर्यंत जायची. उलट थोडी वाढलीच होती. बाई ओसरीवर वाती वळत बसायच्या आणि मनातल्या मनात खूश व्हायच्या. त्यांना शाळेतली पोरं आठवायची. पहिल्या चाचणीला चमकून मार्चपर्यंत हवा गेलेली किती तरी त्यांनी पाहिली होती.

मग एक दिवस नवल झालं. ट्रकची बॅटरी एकाएकी सुधारली. चहाची वेळ ओलांडून गेली, दुसऱ्या दिवशी आणखी पुढं गेली. केशवराव म्हणाले, "पाह्य! पुन्हा दम धरला तिनं." बाईंना कळेना. आजारी पोरगं आपोआप पहिलं येत नाही. त्यांनी एक दिवस आंघोळीला जाते म्हणून सांगितलं, न्हाणीघरात बादली वाजवली आणि मागच्या दारानं फिरून ओसरीच्या कोपऱ्यावर आल्या.

केशवराव उकिडवे बसून ट्रकच्या बॅटरीवरच्या एका बल्बची तार सोडवत होते. बल्ब विझला, त्यांनी त्यावर पेपर आडवा धरला आणि पंख्याकडं तोंड करून निवांत बसले.

"उभे राहा," बाई म्हणाल्या.

केशवराव खरोखरच उभे राहिले. इतकी वर्षं स्टँडवर ड्रायव्हर-कंडक्टरांना धाकात ठेवलेला माणूस हातातली तार पाठीमागं लपवून उभा होता.

"काय चालू हाये हे?"

"काई नाई. बल्ब लय तापलाता. म्हटलं जरा आराम देऊ."

"कापी करून राह्यले तुमी. या वयात!"

"अवं, ओमप्रकाशले काय तोंड दाखवू मी? पेढे खाल्ले त्याचे आपण."

बाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला. वर्गात त्यांना ते नेहमी जमायचं. आज जमलं नाही. त्या ओसरीच्या पायरीवर बसून इतक्या हसल्या की पदर तोंडात कोंबावा लागला. केशवरावही मग हसले, पण शिक्षा चुकली नाही. उरलेल्या परीक्षेभर धीरजच्या बॅटरीवर देखरेखीला त्यांनाच बसवण्यात आलं. विरुद्ध पक्षाच्या उमेदवाराची राखण करता करता ते हळूहळू फितूर झाले. एका संध्याकाळी बाई देवापाशी दिवा लावत होत्या, तर बाहेरून हाक आली, "अवं, इकडं येजो! अजून कशी जळून राह्यली पाह्य!" ट्रकची बॅटरी त्या दिवशी दुपारची जेवणं होईस्तोवरसुद्धा टिकली नव्हती.

ओमप्रकाशजींना बाईंनी स्वतः बोलावून निकाल सांगितला. "तुमची बॅटरी खराब नाई," त्या म्हणाल्या. "तिले आपणच नको त्या वर्गात बसवलं. इंजिनले लावली असती तर तिनं नाव काढलं असतं."

ओमप्रकाशजींना हे पटलं. राग त्यांना वेगळ्याच गोष्टीचा आला. "वो पेढे का क्या?" त्यांनी केशवरावांना विचारलं.

आता धीरजची बॅटरी ठरली, पण ती गाडीत बसेना. बाकाखाली उभी राहत नव्हती, आणि आडवी ठेवली तर ॲसिड सांडणार. केशवराव म्हणाले, आपण बाकाला भोक पाडू. म्हणजे बॅटरीचं डोकं त्यांच्या अंथरुणातून वर आलं असतं. बाईंनी सुताराला बोलावून त्यांच्याच बाजूचा बाक उंच करून घेतला. त्या बाकावर चढायला पाटाची गरज लागू लागली. खाली बॅटरीसाठी लाकडी पेटी झाली, वळणावर हलू नये म्हणून तिला पट्टा आला. भरताना बॅटरीतून वायू निघतो, तो आत कोंडू नये म्हणून धीरजनं पेटीतून गाडीखाली एक नळी काढून दिली. वर एक मोठा खटका बसवला: गाडी चालू असताना तो खाली केला की घराची बॅटरी भरायची, गाडी थांबली की वर करायचा, म्हणजे घरानं कितीही उधळपट्टी केली तरी इंजिनला झळ नाही. खटक्याचा ताबा अर्थातच बाईंकडं राहिला. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीवर त्यांनी "पिऊ नये" असं ठळक लिहून ठेवलं, कारण केशवराव एकदा ती तोंडाला लावणारच होते.

कुठं जायचं, याची चर्चा झालीच नाही. बाईंनी नकाशावर बोट ठेवलं. वर्धा नदी मुलताईच्या डोंगरात उगम पावते, हे वाक्य त्यांनी किती पोरांकडून घोकून घेतलं होतं, आणि उत्तर चुकलं म्हणून किती जणांना बाकावर उभं केलं होतं. त्या डोंगरात मात्र त्या कधी गेल्या नव्हत्या.

दोन हजार चारच्या थंडीच्या शेवटी ते निघाले. आर्वीवरून वरुडला पोचले. संत्र्यांच्या बागांतून गाडी जायला लागली तेव्हा खारीच्या वासात संत्र्याच्या सालीचा वास मिसळला. मुलताईच्या अलीकडं रस्ता विचारत विचारत ते एका खेड्यापाशी थांबले. पुढं गाडी जाणार नव्हती. एका म्हाताऱ्या गुराख्यानं हिंदीत सांगितलं, "नदी? वो रही, बाईजी. आपके पैर के पास."

बाईंनी खाली पाहिलं. दोन दगडांच्या मधून पाण्याची एक धार चालली होती, चुळबुळत, पानांना अडखळत. हीच ती. पुलगावच्या पुलावरून बाईंनी पावसाळ्यात जिचं गढूळ, दांडगं पात्र एसटीच्या खिडकीतून पाहिलं होतं, तीच.

त्यांनी चपला काढल्या आणि एक पाऊल टाकून नदी ओलांडली. मग परत अलीकडं आल्या. पुन्हा पलीकडं गेल्या.

"काय करून राह्यली?" केशवरावांनी विचारलं.

"काई नाई. जमते का पाहून राह्यली." त्यांनी वाकून पाण्यात बोट बुडवलं. "इतकी पोरं बाकावर उभी केली हो मी हिच्यासाठी. अन् हे तर एवढुशी हाये."

केशवरावही चपला काढून पाण्यात उभे राहिले. पाणी इतकं गार होतं की त्यांनी लगेच पाय काढून घेतला, मग लाज वाटून पुन्हा घातला.

ते तिथं चांगले मुक्कामाला राहिले. दुपारी ऊन तापलं की गाडीतला पंखा फिरायचा, आणि केशवराव उंच बाकावर चढून त्याखाली गाढ झोपायचे. खेड्यातली दोन कुत्री वास घेत आली आणि गाडीचीच झाली. तिसऱ्या दिवशी गुराख्याची सून आपल्या तान्ह्याला घेऊन गाडीपाशी आली. गावात लाईट नव्हती आणि लेकरू उकाड्यानं किरकिरत होतं. बाईंनी केशवरावांना हलवून उठवलं, बाकावरून उतरवलं आणि त्यांच्या जागी बाळाला निजवलं. बाळ लगेच झोपलं. केशवराव दगडावर बसून जांभया देत होते.

"बॅटरी पुरंल ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"पुरंल," बाई म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवायला शेगडीकडं वळल्या. गुराख्याच्या सुनेनं विचारलं, ही नदी पुढं कुठं जाते? बाईंनी पातेल्यावर झाकण ठेवलं, तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि सांगायला सुरुवात केली.